हरकत असल्यास

म्युनिसिपालिटीचे केशवराव मोजणीची फीत घेऊन दहाच्या सुमाराला येणार होते, पण महिपती सूर्य उगवल्यापासून अंगणातच होता. कुंपणासाठी बाभळीच्या चौदा मेढी त्यानं भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. काटेरी तारेची दोन वेटोळी ओसरीच्या कडेला पडली होती.

भांगरवाडीतली ही जागा त्याच्या वडिलांनी, अंबाजीनं घेतलेली. जागा लांबट होती. रस्त्याकडे चार खोल्या आणि ओसरी, मग अंगण, आणि मागं नाल्याच्या अंगाला दोन खोल्या. पुढं महिपती, त्याची बायको नंदाबाई आणि मुली राहायच्या. मागं त्याची आई सरुबाई आणि धाकट्या भावाची, गेणूची बायको मुक्ता. विजेची इंजिनं आल्यावर रेल्वेच्या शेडमधली माणसं कमी झाली, त्यात महिपतीची फिटरची नोकरी गेली. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. यंदाच्या उन्हाळ्यात पुढच्या तीन खोल्या मुंबईच्या एका बिऱ्हाडाला द्यायच्या असं त्यानं ठरवलं होतं. बिऱ्हाड एक एप्रिलला येणार होतं. त्यांची अट एकच होती. अंगणातून कुणाची ये-जा नको. म्हणून अंगणाच्या मधोमध कुंपण. मागच्यांनी नाल्याच्या बाजूनं फिरून जायचं.

आंदर मावळातल्या सासरहून त्याची बहीण कस्तुराबाई कालच आली होती. पहाटे निघून कामशेतपर्यंत चालत, पुढं गाडीनं. महिपतीनंच तिला बोलावून घेतलं होतं. मुक्तेशी बोलायला घरातलं कुणीतरी बाईमाणूस हवं, आणि नंदाबाई ते करायला तयार नव्हती.

"बोललीस का तिच्याशी?" त्यानं विचारलं.

"बोलले," कस्तुराबाई म्हणाली. ती ओसरीच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. "काय म्हनायचं तिनं? मान हलवली. पावसाळ्यात नाला भरला की कुटनं जायचं, येवढंच इचारलं."

"तवाचं तवा बगू."

"तेच सांगितलं मी. पन दादा, मला माझंच बोलनं गोड लागलं न्हाई."

महिपतीनं एक मेढ सरळ करून भिंतीला टेकवली.

परवाना एवढा अवघड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. महिन्यापूर्वी तो म्युनिसिपालिटीच्या कचेरीत गेला, तेव्हा केशवरावांनी चष्मा पुसून नियम वाचून दाखवले होते. कुंपण चार फुटांपेक्षा उंच नको. निवडुंग लावायचा नाही, वाळल्या काट्यांची वई नको, आगीची भीती असते. रस्त्याच्या गटारापासून तार एक फूट आत पाहिजे. फाटक असलं तर ते आत उघडलं पाहिजे. हे सगळं महिपतीला मान्य होतं. मग केशवरावांनी नोंदीचं बूक उघडलं आणि जागा दोघांच्या नावावर आहे असं सांगितलं. महिपती अंबाजी जांभूळकर आणि गेणू अंबाजी जांभूळकर.

"दुसऱ्या मालकांची संमती लागेल."

"तो हितं नसतोय."

"कुठं असतात?"

महिपती बुकातल्या नावांकडं बघत राहिला. केशवरावांनी आवाज खाली आणून विचारलं, "मयत आहेत का? तसं असेल तर तसं लिहून द्या."

आईचा चेहरा आणि मुक्तेच्या कपाळावरचं कुंकू डोळ्यांपुढं आलं आणि महिपती म्हणाला, "तसं न्हाई लिवता यायचं."

मग केशवरावांनीच वाट सुचवली होती. शेवटच्या ठाऊक असलेल्या पत्त्यावर रजिस्टर पत्रानं नोटीस पाठवायची. हरकत असल्यास एक महिन्याच्या आत लेखी कळवावी. कळवली नाही तर हरकत नाही असं धरायचं. महिपतीनं सहा वर्षांपूर्वीच्या शेवटच्या पत्रावरचा पत्ता दिला. कराची छावणी, रेल्वेच्या चाळी. नोटीस 'मालक सापडत नाही' असा शेरा घेऊन परत येईल, असं त्यानं मनाशी धरलं होतं. तसं झालं की कुणाला काही लिहून द्यावं लागणार नव्हतं.

आज महिना पुरा झाला होता.

केशवराव आले ते घामाघूम होऊन, पण खुशीत. छत्री ओसरीच्या खांबाला अडकवून ते घोंगडीवर टेकले. नंदाबाईनं तांब्या आणि गूळ पुढं ठेवला.

"सगळं व्यवस्थित झालं, महिपतराव," पाणी पिऊन ते म्हणाले. "परवाना लिहून आणलाय. आखणी करू आणि देऊन टाकतो. मला वाटलं होतं लांबेल. पण नोटीस पोचली, मुदतीत हरकत आली नाही, काम सोपं झालं."

"पोचली?" महिपती म्हणाला.

"हो. पोच परत आलीय ना." त्यांनी पिशवीतून कागदांचं पुडकं काढलं आणि वरचा लहानसा गुलाबी कागद दाखवला. "ही बघा. सही आहे त्यांची."

महिपतीनं तो कागद घेतला. इंग्रजी छापलेल्या ओळींच्या खाली, शाईनं, मराठीत, गेणू अंबाजी असं लिहिलं होतं. 'ग'ला उगाच मोठी गाठ, आणि 'जी'ची वेलांटी थेट मागच्या अक्षरावर गेलेली. शाळेत याच वेलांटीसाठी गेणूनं छड्या खाल्ल्या होत्या. महिपती शेजारच्याच ओळीत बसायचा.

"काय झालं?" कस्तुराबाईनं विचारलं. तांदळाचं सूप तिनं बाजूला ठेवलं.

"गेणूची सही हाय," महिपती म्हणाला.

सरुबाई मागच्या दारातून अंगणात आली होती. कान अधू होते तिचे, पण हे तिला ऐकू गेलं. ती तशीच चालत आली, मेढींना हात लावत लावत, आणि महिपतीच्या हातातला कागद तिनं ओढून घेतला. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं कागद उलटा धरला होता.

"हाय ना? जिता हाय ना माझा गेणू?"

"व्हय, आई."

"कवाची सही? औंदाची?"

"गेल्याच महिन्यातली, आजी," केशवराव म्हणाले. आपण कशात पाय ठेवला हे त्यांना आता कळायला लागलं होतं. "तेवीस फेब्रुवारी."

सरुबाई मटकन पायरीवर बसली. तिनं कागद दोन्ही डोळ्यांना लावला, मग तोंडाला लावला. "मी म्हनत नव्हते? सगळी मला येडी म्हनत व्हती. म्हनत नव्हते का मी?"

कस्तुराबाईला रडू आलं, आणि मग रडता रडताच तिला राग आला. तिनं भावाकडं पाहिलं नाही. मागच्या खोलीच्या दारात पदर पुढं ओढून मुक्ता उभी होती, तिच्याकडं पाहिलं.

"जिता हाय," ती म्हणाली. "धडधाकट हाय, सही करतोय. अन् घरचा कागूद हातात आला तरी दोन वळी लिवल्या न्हाईत. मुक्ते, ऐकतीस का? ह्या मानसासाठी तू आठ वरसं दार उगडं ठिवलंस. आता बास कर. चल माझ्यासंगं आंदर मावळात. भातलावणीला हात लागतीलच मला. तितं कुनी तुला नाल्यातनं फिरून जा म्हननार न्हाई."

"कस्तुरे!" सरुबाई ओरडली. "आज तरी वंगाळ बोलू नगं."

"मी काय वंगाळ बोलले? सही करनारानं वंगाळ केलं."

तेवीस फेब्रुवारी म्हणजे कुठला वार, एवढंच मुक्ता आठवत होती. शिवरात्र होऊन सात-आठ दिवस झाले होते. सोमवार असावा. सोमवारी ती तुंगार्लीच्या बंगल्यावर बागेला पाणी घालायला गेली होती, रोजच्यासारखी. माळ्यानं पन्हळ फोडून ठेवली होती म्हणून तिला सगळं पाणी खांद्यावर वाहावं लागलं. त्या दिवशी तिनं नवऱ्याची एकदाही आठवण काढली नव्हती. घरी येऊन नुसती झोपली होती. आणि त्याच दिवशी, कुठल्या तरी वेळी, त्यांनी हात पुढं करून सही केली होती.

एकोणीसशे तेवीस साली ते कराचीला नोकरीवर गेले तेव्हा लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तिला बरोबर न्यायचं होतं त्यांच्या मनात. सासऱ्यांनी नको म्हटलं. परमुलखात सून जायची नाही. ते म्हणाले, खोली मिळाली की न्यायला येतो, मग आबांना काय म्हणायचं ते म्हणू देत. पहिल्या वर्षात चार पत्रं आली. दुसऱ्या वर्षी दोन. सासरे गेले त्यानंतर एक आलं, आणि पुढं काही नाही.

तिनं आजवर थोरल्या दिरासमोर, परक्या माणसाच्या देखत, कधी तोंड उघडलं नव्हतं. आता ती दारातूनच बोलली.

"त्या कागदात काय लिवलं व्हतं?"

सगळे तिच्याकडं वळले. केशवरावांनी चष्मा लावला. "नोटिशीत ना, बाई? नक्कल आहे माझ्याकडे." त्यांनी कागद चाळले. "जागेचं वर्णन, कुंपणाची लांबी, उंची... नेहमीचंच."

"मागं कोन ऱ्हातं ते लिवलं व्हतं का?"

"हो, तो रकाना असतो. वहिवाटदार. 'मागील भागातील वहिवाटदार, सरुबाई अंबाजी जांभूळकर.'" ते थांबले. त्यांनी कागद पालथा करून पाहिला.

"आनि?"

"एवढंच आहे."

रस्त्यानं एक टांगा गेला, त्याची घंटा वळणापर्यंत ऐकू येत राहिली.

"महिपतराव," केशवराव सावकाश म्हणाले, "या बाई इथं किती दिवस राहतात?"

"लगीन झाल्यापासनं."

"मग यांचं नाव का नाही? मी अर्ज भरताना तुम्हांला विचारलं होतं. वहिवाटदार सगळे सांगायचे असतात."

"ध्यानात आलं न्हाई," महिपती म्हणाला.

नंदाबाई उंबऱ्यात उभी होती. कुंपणाची घाई तिला सगळ्यांत जास्त होती. तिला मुंबईचं बिऱ्हाड हवं होतं, दोन्ही मुलींच्या शाळा चालायला हव्या होत्या, आणि नोकरी गेल्यापासून नवरा दिवसभर ओसरीवर बसून असायचा ते तिला बघवत नव्हतं. त्या दिवशी कचेरीतून आल्यावर त्यानं अर्जात काय लिहिलं ते तिला सांगितलं होतं, आणि तिनं विचारलं होतं, मुक्तेचं नाव? तो म्हणाला होता, तेवढीच एक सही कमी. ती गप्प बसली होती. आपण गप्प बसलो हे तिला महिनाभर टोचत होतं, पण आता कराचीहून सही आली नसती तर ती कदाचित जन्मभर गप्प राहिली असती.

"ध्यानात आलं व्हतं," ती म्हणाली. "मी इचारलं व्हतं तवाच."

महिपतीनं तिच्याकडं पाहिलं.

"डोळं काय वटारताय? इचारलं व्हतं का न्हाई? मुक्तेला नाल्यातनं फिरवायचं, मुंबईच्या लोकांसाठी, तिथवर मी हूं म्हनलं. त्यात माझी चूक हाय. पन तिचं नावच ऱ्हायलं न्हाई कागदात. त्या मानसानं काय समजायचं तिकडं? ही मेली समजायचं, का म्हायेरी गेली समजायचं?"

सरुबाईनं विचारलं, "काय म्हनतीया नंदा?" कस्तुराबाई तिच्या कानाशी वाकली आणि तिनं सगळं मोठ्यानं सांगितलं. म्हातारीच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला. गुलाबी कागद तिनं मांडीवर ठेवला.

"म्हादू," ती म्हणाली. लहानपणीच्या या नावानं तिनं त्याला फार दिवसांत हाक मारली नव्हती. "तुज्या बापानं त्येला बायकु नेऊ दिली न्हाई. आन् तू कागदातनं काडून टाकलीस?"

महिपती मेढींपाशी जाऊन उभा राहिला. त्याची पाठ सगळ्यांकडे होती.

केशवरावांनी कागद गोळा केले. घरच्या गोष्टीत बोलणं त्यांना नको होतं, पण कचेरीचं काम तर सांगावंच लागणार होतं. "हे बघा. वहिवाटदाराला कळवल्याशिवाय परवाना दिला तर उद्या मलाच जाब विचारतील. दोन मार्ग आहेत. या बाईंनी आत्ता माझ्यासमोर अंगठा केला, की हरकत नाही म्हणून, तर मी आजच आखणी करून देतो. नाहीतर नोटीस दुरुस्त करून परत पाठवावी लागेल. मग पुन्हा एक महिना."

"महिनाभर बिऱ्हाड थांबतंय व्हय?" महिपती वळून म्हणाला. "त्यांनी दुसरी जागा बगितली तर सगळा हंगाम गेला."

"ते मला कळतं. पण नियम आहे."

मग सगळे थांबले. कस्तुराबाईला वाटलं, आता करेल ही अंगठा. आठ वर्षं ही बाई सगळे सांगतील ते करत आलीय. नंदाबाईलाही तसंच वाटलं, आणि तसं झालं तर आपल्याला बरं वाटेल की वाईट, हे तिला ठरवता येईना.

मुक्ता अंगण ओलांडून आली. तिनं सासूच्या मांडीवरचा गुलाबी कागद उचलला आणि बराच वेळ पाहिला. त्या काळ्या रेघांत तिला वाचता येण्यासारखं काही नव्हतं. फक्त एका जागी शाई जास्त झाली होती, टाक तिथं थोडा थांबला होता.

"दादा," ती म्हणाली, "ही सही घाईनं केलेली हाय का?"

महिपतीला वाटलं, हो म्हणावं. हो म्हटलं तर गोष्ट संपेल. पोस्टमन दारात, माणूस कामावर निघालेला, सही केली आणि विसरला. पण तो म्हणाला, "न्हाई. सावकाश केलीया."

तिनं कागद केशवरावांना परत दिला.

"नोटीस परत धाडा," ती म्हणाली. "माझ्या नावासकट. मंग त्यांनी काय बी कळवलं न्हाई तर म्या अंगठा करीन, आन् नाल्यातनंबी जाईन. पन त्यांना ठावं असू दे की मी हितं हाय."

मुंबईचं बिऱ्हाड थांबलं नाही. त्यांनी वळवणच्या बाजूला दुसरा बंगला धरला. ते समजल्यावर महिपती दोन दिवस जेवणापुरतंच बोलला. कस्तुराबाई परत गेली नव्हती. गेणूचा निरोप आला की जाते, असं रोज म्हणायची आणि रोज राहायची. अंगणात बाभळीच्या मेढी तशाच होत्या. तारेच्या वेटोळ्याला गंज धरू नये म्हणून नंदाबाईनं त्यावर जुनं पोतं टाकलं.

एके दिवशी दुपारी मुक्ता तुंगार्लीहून परतली तेव्हा महिपती मागच्या खोलीच्या दाराशी बसला होता. सरुबाई आत झोपली होती. तो उठून उभा राहिला. एवढ्या वर्षांत तो कधी या बाजूला असा येऊन बसला नव्हता.

"तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. तिच्याकडं न बघता, नाल्यापलीकडच्या झाडीकडं बघत. "आबा गेल्यावर त्याचं पत्र आलं व्हतं. येऊ का म्हनून इचारलं व्हतं त्यानं. ते मी कुनाला वाचून दावलं न्हाई. मीच उत्तर दिलं."

मुक्तेनं डोक्यावरची घागर खाली ठेवली.

"मी लिवलं, बाप तुज्या नावानं डोळं लावून बसला तवा आला न्हाईस. आता तोंड दावू नगंस." तो परत खाली बसला. "रागात लिवलं. दुसऱ्या दिशीच वाटलं, दुसरं पत्र टाकावं. आज टाकू, उद्या टाकू करता करता ऱ्हायलं. मंग येवढे दिस झाले की टाकायची लाज वाटाया लागली."

"मला का सांगताय आता?"

"उद्या काय उत्तर आलं न्हाई तर ते तुज्यामुळं न्हाई. येवढं तुला ठावं पायजे."

मुक्ता भिंतीला टेकली. सहा वर्षं ती स्वतःत खोट शोधत होती. मूल झालं नाही म्हणून असेल, रंग सावळा म्हणून असेल, निघताना आपण रडलो नाही म्हणून असेल. आणि ते येऊ का म्हणून विचारत होते. हे ऐकून राग यायला हवा होता. तो येईना. 'येऊ का' एवढेच दोन शब्द ती मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, त्यांच्या आवाजात. त्यांचा आवाज तिला नीट आठवत नव्हता. कधी तो महिपतीच्या आवाजासारखा होई, कधी आबांच्या.

"मी कराचीला जाऊन येऊ का?" महिपतीनं विचारलं. "जाईन. पाया पडीन त्याच्या."

"नगं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "कागूद गेलाय ना. त्याचं उत्तर येऊ द्या."

उत्तर आलं ते एप्रिल संपता संपता, मुदतीला दोन दिवस राहिले असताना. केशवराव स्वतः घेऊन आले. या वेळी ते हसत आले नाहीत की गंभीर होऊनही आले नाहीत. पाणी नको म्हणाले आणि घोंगडीवर बसले. सरुबाईला त्यांच्या अगदी समोर बसवलं. नंदाबाई आणि कस्तुराबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या. मुक्ता या वेळी दारात थांबली नाही. ती येऊन सासूच्या मागं बसली.

"कचेरीच्या नावानं लिहिलंय," केशवराव म्हणाले. "मी वाचू, की महिपतराव वाचतील?"

"तुमीच वाचा," महिपती म्हणाला.

केशवरावांनी वाचलं.

"'आपली नोटीस पोचली. कुंपणास माझी हरकत नाही. मात्र मागील जागा माझी पत्नी मुक्ताबाई हिच्या वहिवाटीस कायम राहावी, आणि माझ्या हिश्शावर तिच्याशिवाय कोणी हक्क सांगू नये. तसेच तिला रस्त्यावर जाण्यास अंगणातून वाट ठेवावी. वाट चार फुटांपेक्षा कमी नसावी. म्हशीसाठी गवताचा भारा डोक्यावर असतो, अरुंद वाटेत तो तारेला अडकेल. कळावे. गेणू अंबाजी जांभूळकर.'"

त्यांनी कागद दुमडला नाही. अजून काही असेल असं वाटून सगळे त्यांच्याकडं बघत होते.

"येतो म्हनून न्हाई?" नंदाबाईनं विचारलं.

"नाही."

"पत्ता? कुनाजवळ ऱ्हातो, काय खातो?"

"एवढंच आहे, बाई."

महिपतीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच्या नावाचा एक शब्दही त्या कागदात नव्हता, बरा नाही की वाईट नाही. कस्तुराबाईनं डोळे पुसले आणि ती पुटपुटली, "जागा दिली तिला. अख्खी दिली." महिन्यापूर्वी गेणूबद्दल ती जे बोलली होती ते परत घ्यावं की तसंच राहू द्यावं, हे तिला कळेना.

"परत वाचा," मुक्ता म्हणाली.

केशवरावांनी परत वाचलं. गवताच्या भाऱ्यापाशी आल्यावर मुक्तेनं मान खाली घातली. म्हैस मरून सहा वर्षं झाली होती. आबा गेले त्याच पावसाळ्यात ती गेली, आणि गोठ्याच्या जागी आता नुसती माती होती. तेव्हापासून तिनं डोक्यावर गवताचा भारा घेतला नव्हता. कराचीत बसून ते अजून तिला त्या भाऱ्याखालीच बघत होते. बावीस वर्षांची, मान ताठ, कमरेला विळा, अंगणातून आत येताना खांबाला घासून गवताच्या काड्या खाली सांडणारी. त्या काड्यांवरून ते तिला चिडवायचे. हे तीसुद्धा विसरली होती.

"म्हैस मेली ते कळवावं लागंल," कस्तुराबाई हळूच म्हणाली.

"नगं," मुक्ता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आखणी झाली. आता मुंबईचं बिऱ्हाड नव्हतं, पण परवाना निघाला होता आणि पुढच्या हंगामासाठी कुंपण लागणारच होतं. दोन गडी खड्डे खणायला आले. महिपतीनं पहिली मेढ स्वतः उभी केली. वाटेच्या जागी गड्यानं तीन फुटांवर खूण केली आणि म्हणाला, इतकी पुरे होईल, बाईमाणसाला किती लागते.

"चार," मुक्ता म्हणाली. "कागदात लिवलंय."

महिपतीनं केशवरावांच्या हातातून फीत घेतली आणि पुन्हा मोजून दिली. चार फूट. खड्डा बुजवून दुसरीकडं खणला गेला.

संध्याकाळी कुंपण उभं झालं होतं. तारा ताणून बसल्या होत्या आणि मधे तेवढी वाट मोकळी होती. सरुबाई मागच्या दारात बसून कधीची त्या वाटेकडं पाहत होती. ओसरीवरचं सगळं बोलणं तिला धड ऐकू गेलं नव्हतं, आणि कुणी पुन्हा सांगितलंही नव्हतं. मुक्ता घागर घेऊन बाहेर निघाली तेव्हा म्हातारीनं तिचा पदर धरला.

"काय लिवलंय गं गेणूनं? येतो म्हनलाय का?"

मुक्ता तिच्या कानाशी वाकली.

"आत्याबाई," ती म्हणाली, "वाट सोडा म्हनलेत."

म्हातारीनं समाधानानं मान हलवली. मुक्ता सरळ झाली, घागर काखेला घेतली आणि दोन मेढींच्या मधून, अगदी मधोमध चालत, रस्त्यावर गेली.